भाड्याची भिशी

वस्तू अडतीस पौंडांची, भाडं बावन्न.
मॉरिस मायनरचे सुटे भाग विकणारा इंग्लंडातला म्हातारा
दर पत्रात माफी मागतो,
जणू मधला समुद्र त्यानेच आणून ठेवलाय.

वजन म्हणाल तर दोनशे ग्रॅम.
पण कुरिअरवाले तराजू लावत नाहीत, पट्टी लावतात.
छत्तीस गुणिले सव्वीस गुणिले वीस,
भागिले पाच हजार.
पावणेचार किलो; म्हणजे चार.
दोनशे ग्रॅम सोडले तर बाकी सगळी हवा.
"आमचे हे विलायतेहून हवा मागवतात,"
बायको शेजारणीला सांगते.
खोटं नाही.

म्हणून भिशी काढली, चौघांची.
पार्ल्याचा मी,
खारचे डॉक्टर विजयकर,
वाकोल्याची सेलेस्टिन किणी
(तिच्या गाडीतून निम्मं वाकोला लग्नाला गेलंय),
आणि दादर पारशी कॉलनीतला केरसी तुरेल.
एकच खोकं. हवेच्या जागी सामान.
बावन्न भागिले चार, तेरा.
तेरा पौंडांसाठी घरी खोटं बोलावं लागत नाही.

कस्टमचं वेगळं. तिथे सहारला
विजयकर सुटाबुटात जायचे,
आणि तरी साहेब विचारायचा,
हे नक्की काय आहे?
रबराची पट्टी. काच बसवायची.
एवढी लांबून?
याला उत्तर नव्हतं. पावती होती.

केरसी हिस्सा रोखीत द्यायचा,
अहेराच्या पाकिटातून,
वर रुपया चिकटवलेला.
"खाली हिसाबचा, उप्पर शुकनचा," म्हणायचा,
आणि तो रुपया मी कधीच हिशेबात धरला नाही.

या खेपेला त्याने मागवला होता हात.
उजवा.
जुन्या गाड्यांना वळताना दिवा लुकलुकत नाही,
दाराशेजारच्या फटीतून एक पिवळा हात वर येतो,
वर्गात उत्तर येणाऱ्या मुलासारखा.

मे महिन्यात खोकं हीथ्रोला अडकलेलं असताना
केरसी गेला.

भाचा होशांग नीट बोलला.
गाडी विकायची आहे, अंकल, घेणारा इंजिनच बदलणार आहे,
तो हात परत पाठवता आला तर बघा.
मी विचारलं. म्हातारा म्हणाला, जरूर,
परतीचं भाडं तुमचं.
एकसष्ट पौंड.
जे अडतीसला आलं
ते एकसष्टला परत जाणार.
राहू दे म्हटलं. हात मी ठेवतो, अडतीस माझे.

मग भाडं. बावन्न भागिले तीन.
सतरा, आणि दशांशानंतर तीन, तीन, तीन,
कॅल्क्युलेटरच्या काचेच्या कडेपर्यंत तीन.
आम्ही सतरा तेहेतीस धरले प्रत्येकी.
बेरीज केली, एक्कावन्न नव्व्याण्णव.
एक पेनी कुणाच्याच नावावर बसेना.
सेलेस्टिन म्हणाली, सोड रे, पेनी म्हणजे काय, रुपया.
वर थोडे पैसे.

मी कपाटातून जुनी पाकिटं काढली.
रिकामी. पण फेकलेली नव्हती.
एकाचा रुपया नखाने सुटा केला,
डिंक राहिला पाठीला.
वहीत लिहिलं: के. तुरेल, एक.
हिशेब मिटला.

हात माझ्या गाडीला बसला.
माझा उजवा आठ वर्षं मेलेला होता,
मी खिडकीतून आपला खरा हात काढायचो, पावसापाण्यात.
कुर्ल्याच्या मकबूल दळवीने तारा जोडल्या,
मजुरी दीडशे, अंतर सहा किलोमीटर.

रविवारी फाइव्ह गार्डन्सपाशी उजवीकडे वळलो.
हात वर आला. थोडा अडखळत, पण आला.
मागच्या स्कूटरवाल्याला वाटलं दार उघडतंय,
करकचून ब्रेक, आणि मग आई-बहीण.
मी काच खाली करून म्हणालो, वळतोय, वळतोय.

हात वरच होता.
वळण संपलं तरी खाली जाईना.
मकबूल म्हणाला होता, नवा आहे, दोन दिवस अडकेल,
आतून हळूच थाप मारायची.