डाव्या खिशातलं

परवा हिवरखेड्याच्या डीपीवर फ्यूज बांधून उतरलो
आणि सवयीनं डाव्या खिशावर हात मारला.
खिसा होता.
चिमटा नव्हता.

बोटभर लांबीचा. पोलादी.
भिंतीवरच्या घड्याळाच्या तुटक्या स्प्रिंगपासून
पारोळ्याच्या जगन लोहारानं ठोकून दिलेला,
सत्त्याऐंशी साली, दोन रुपयांत.
स्वतःच्या मनगटावरचा एक केस उपटून दाखवला त्यानं,
म्हणाला, "केस धरतो हा, केस.
टोकं दगडावर घासू नको."
कडीत जोडीला कानकोरणंही होतं.
ते पहिल्याच वर्षी गेलं. त्याचं काही वाटलं नाही.

वायरमनच्या पायाला रस्ता नसतो.
तार जाईल तिकडं जायचं,
वेड्या बाभळीतून, बोरी नदीच्या कोरड्या पात्रातून,
कुणाच्या तरी कांद्यातून शिव्या खात.
पकड, टेस्टर, हातमोजे मंडळाचे, सही करून घेतलेले.
ते हरवले तर अर्ज करता येतो.

शोधला.
डीपीखालची माती बोटांनी चाळली,
भाकरी सोडली होती त्या बांधावर गुडघे टेकले,
मोटारसायकलची सीट काढून पाहिली. सीटखाली
दोन वर्षांपूर्वी हरवलेली गाडीची चावी सापडली.
लोटन ठेलारी मेंढ्या घेऊन येत होता.
"काय धुंडी ऱ्हायना, भो?"
"मन्हा चिमटा."
तो हसला नाही. काठी टेकून तोही वाकला.
त्याच्या टाचेतला हिवराचा काटा
अर्धा तास खपून मी काढला होता एकदा,
तोवर त्याच्या मेंढ्या कुणाच्या कपाशीत.
सूर्य कलेपर्यंत दोघं ओणवे.
मग म्हणाला, "नही सापडस.
माती लोखंड गिळी टाकस."

किती काटे काढले, मोजले नाहीत.
सुपडाबाई विजेचं बिल भरायला द्यायची
आणि त्याच हाताचा तळवा पुढं करायची,
ज्वारीचं कूस दाखवत.
तिला दिसायचं नाही, मला दिसायचं,
आता मलाही चष्म्याशिवाय दिसत नाही.
एकच काटा मोडला. हिलालच्या अंगठ्यात.
अर्धा आत राहिला, बरा झाला, गाठ धरली.
अजून बाजारात भेटला की
रामराम करायच्या आधी अंगठा दाखवतो.

रात्री बायकोनं पँटचा खिसा उलटा केला.
तळाशी भोक. तुरीच्या दाण्याएवढं.
"उंदीर नाही," ती म्हणाली. "टोकानं पाडलंय.
रोज थोडं थोडं."

चार वर्षं वापरतोय ही पँट.
चार वर्षं तो आत बसून
बाहेरची वाट उकरत होता,
आणि मी वरून हात मारून
आहे ना, आहे ना, करत होतो.

तिनं दिव्याखाली बसून भोक शिवलं.
म्हटलं, "आता काय पडणार आहे त्यातून?"
"चिल्लर," ती म्हणाली.

मुलानं जळगावहून नवा आणला,
प्लॅस्टिकच्या पाकिटात, गुलाबी मुठीचा.
भुवयांचे केस चांगले धरतो.
बाभळीपुढं वाकतो.

आज पुन्हा लाईन गेली.
तिसऱ्या खांबाजवळ बुटाच्या तळातून
काटा आत शिरला, सरळ, न विचारता.
बसलो. बूट काढला. हात खिशात गेलाच,
बोटाला लागली शिवणीची गाठ.
तिच्यावरून दोनदा बोट फिरवलं.

मग रुईचं पान मोडून चीक लावला,
बूट चढवला आणि निघालो चौथ्या खांबाकडं.
लंगडत.
निदान हा कुठं आहे
ते कळतं
प्रत्येक पावलाला.