तिसरी पिन

रबाळ्याच्या शेडमध्ये ती आली तेव्हा
काचेवर अजून न्हावाशेवाच्या खडूचा आकडा होता.
ओसाकाची गाडी. अंगाने बुटकी.
आत दोघांपुरतं अंथरूण, एक शेगडी,
कप अडकवायला दोन हुक. कप नव्हते.

टिपणीस बाई म्हणाल्या, मिक्सर चालला पाहिजे
आणि कागद पास झाला पाहिजे.
बँकेत बत्तीस वर्षं. वाचल्याशिवाय सही नाही.
दारापर्यंत गेल्या, परत फिरल्या:
आणि हो, शॉक लागता कामा नये.

पॅनेल उघडलं. आत शंभर व्होल्टचा संसार.
सॉकेटला दोन बारीक चिरा, मिटल्या डोळ्यांसारख्या.
तिसरं भोकच नाही.
फिरोज म्हणाला, ताई, यांच्यात अर्थ नसतो?
म्हटलं, असतो म्हणे, वॉशिंग मशीनपुरता.

त्यांची काळी जिवंत, पांढरी न्यूट्रल.
आपली लाल जिवंत, काळी गरीब.
म्हणजे उद्या इथला कुणी वायरमन
सवयीने काळीला हात लावील
आणि ती जपानीत उत्तर देईल.
चूक कुणाचीच नाही,
रंगांनी नुसतं सासर बदललंय.

सगळी काढली. बोटभरही ठेवली नाही.

नवी तांब्याची, अडीच स्क्वेअर, बहुतारी,
कारण गाडी हलते, आणि एकतारी वायर
घाटाघाटात मान मोडून घेते.
पत्र्यातून जाते तिथे रबरी बुशी.
मग चासीला लग बसवायची जागा शोधली,
पॉलिश पेपरने रंग खरवडला,
खाली चकचकीत लोखंड निघेपर्यंत.
बाई बघत होत्या. म्हणाल्या, नवा रंग होता हो.
म्हटलं, रंगावर अर्थ बसत नाही.
त्या हसल्या. मी बोल्टबद्दल बोलत होते.

दिघ्याला एक चायनीजची गाडी होती.
फ्रीजची वायर घासून पत्र्याला लागलेली.
चार टायरांवर उभी, जमिनीशी नातं नसलेली,
सगळा दिवस तशीच, भरलेली, गप्प.
संध्याकाळी अंकुश प्लेटा धुवून आला,
अनवाणी, ओल्या लादीवरून,
आणि दाराला टेकला.
गाडीला जमीन हवी होती.
ती तिला त्याच्या पायांतून मिळाली.
तेव्हा मी आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला होते,
तारतंत्री, वर्गात आम्ही दोघीच मुली.
हिरवी वायर मी तेव्हापासून आधी ओढते.

फिरोज टेस्टचं बटण दाबतो. टक्.
पुन्हा वर करतो. टक्.
तीस मिलीअँपला पडतो, बाई,
माणूस पडायच्या आधी.
ट्रिपला जायच्या आधीच ट्रिप, तो म्हणतो,
आणि स्वतःच हसतो.

फ्रीज बाहेर ओढला तेव्हा मागच्या प्लायवर
पेन्सिलीने कुणीतरी लिहिलेलं.
अक्षरं मला येत नाहीत. आकडे येतात.
१२.६. १२.५. १२.६.
बॅटरी. रोजची, किंवा रोज थांबल्यावरची.
ओळीच्या ओळी, आधी ताठ, मग कलत गेलेल्या.
मध्ये एका आकड्याशी दुसरं अक्षर, गोल,
दोनच दिवस.
शेवटचा ११.३.
त्याखाली प्लाय कोरा.

ड्रॉइंगप्रमाणे केबल तिथूनच जात होती.
दीड फूट वळसा घातला.
फिरोजने विचारलं नाही. क्लिपा देत राहिला.

मेगर लावला, काटा चढला, थांबला.
निरीक्षक आले, चपला काढून आत गेले,
का ते त्यांनाच माहीत.
तिन्ही सॉकेट तपासली, कागदावर शिक्का,
पंखा छान फिरतो म्हणाले.

संध्याकाळी बाई सही करायला बसल्या.
आधी बिल वाचलं, मग रिपोर्ट,
मग फ्रीज सरकवायला लावून प्लाय.
११.३ च्या खाली माझा आकडा होता.
१२.७.
हे काय?
रीडिंग, म्हटलं.

त्यांनी माझ्या कानावरची पेन्सिल काढली,
दोरा मागितला,
आणि कपाच्या एका हुकाला ती बांधली.