एकाच बाजूनं

आज रविवारचं मटण नाही.
ओव्हनमध्ये बेअरिंग आहेत, दोन,
शंभर अंशांवर, केकच्या ताटलीत,
आणि फ्रीजरमध्ये, वाटाण्यांच्या पिशवीला टेकून
वर्तमानपत्रात गुंडाळलेला स्पिंडल.
गेथिन म्हणतो, लोखंडही माणसासारखंच,
ऊब मिळाली की फुलतं, थंडीत अंग चोरतं.
एकाला तापवावं, दुसऱ्याला गारठवावं,
मग हातोडीशिवाय जमतं त्यांचं.
चाळीस वर्षांच्या संसारानंतर
हे तो मला सांगतोय.

गिअर मंगळवारी तुटला.
प्लास्टिकचा होता. दात आणून माझ्या तळहातावर ठेवले त्यानं,
नातवाचे दुधाचे दात दाखवावेत तसे.
हलकंसंच मशीन, इड्वल गेल्यावर त्याच्या बायकोकडून घेतलेलं,
टेबल हातभर, आवाज मात्र अख्ख्या खाणीचा.
नवीन घे की, मी म्हटलं.
नवीन घेऊन हातांना काय सांगू, म्हणाला.

तेव्हापासून परसातल्या शेडमध्ये रात्री अकरापर्यंत दिवा.
गिअर गेले, पट्टा आला,
दोन पुल्या, आणि एक मोटर
आमच्या ट्रेडमिलमधून काढलेली,
जिच्यावर मी रोज वीस मिनिटं चालायचं ठरलं होतं.
मी चालणं सोडलं तेव्हा तो काहीच कसा बोलला नाही
ते आत्ता कळतंय.

खांब पोकळ होता.
कापताना सगळं मशीन शहारायचं,
पोलादावर लाटा उमटायच्या, ओहोटीच्या वाळूवर उमटतात तशा.
तो बादली घेऊन बेथेस्डाच्या वर, खाणीच्या ढिगाऱ्यावर गेला,
पाटीच्या दगडाचा चुरा आणला, जांभळट निळा,
धुतला, वाळवला, माझ्या पिठाच्या चाळणीनं चाळला
(ती चाळणी आता त्याचीच),
राळेत कालवून खांबाच्या पोटात ठासला.
तीस वर्षं ज्या डोंगराच्या पोटात हा होता
तो डोंगर आता ह्याच्या शेडमध्ये उभा आहे, कमरेएवढा,
आणि मशीन हूं की चूं करत नाही.

थरथर गेली, म्हणाला.
मी त्याच्या कपाकडे पाहिलं नाही.
बशीतल्या चहाकडे पाहिलं नाही.
मार्चपासून त्याचं अक्षर बारीक होत चाललंय,
ओळ संपेपर्यंत मुंग्या होतात.
बँगोरच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एक नाव सांगितलंय.
आम्ही ते घरात वापरत नाही.

ओव्हनची घंटा वाजली.
मी जाड हातमोज्यांनी ताटली धरली, त्यानं बेअरिंग चिमट्यात उचललं,
स्पिंडलवर धुकं धरलं होतं.
वेळ फार नसतो, दोन श्वासांइतका.
पहिल्या श्वासाला त्याचा हात हलला.
दुसऱ्याला मी मनगट धरलं, काही न बोलता,
आणि ते खाली घसरलं,
टक्,
जागच्या जागी बसलं.
हात बसलेला माणूस, असं खाणीत म्हणायचे त्याला.

संध्याकाळी सगळं जोडून झालं.
आता तू फिरव, म्हणाला.
मी?
मळसूत्रात थोडी ढिलाई असतेच, तो सांगू लागला,
कितीही कसलं तरी.
चाक उलटं घेतलं की आधी ते नुसतंच फिरतं,
टेबल जागचं हलत नाही.
म्हणून आकड्यावर यायचं ते एकाच बाजूनं.
पुढे गेलीस तर मागे ये, चांगली मागे,
आणि परत ये.

मी पुढे गेले.
मागे आले. बोटांना ती ढिलाई लागली,
समोरच्यानं ऐकलंय पण अजून उत्तर दिलेलं नाही, तशी.
परत आले.
तो डोळे मिटून उभा होता, कान पट्ट्याकडे.
किती, त्यानं विचारलं.
मी आकडा वाचला.
वहीत लिही, म्हणाला.
जरा मोठ्या अक्षरात.