दक्षिणेची भिंत

फॉर्मवर एक रकाना आहे: मूळ बांधकाम.
त्यात साल लिहायचं. एकच.
मी पेन्सिल कानामागे खोचते
आणि आधी भिंतीला हात लावते.

रीथच्या वर, शेवटच्या वळणावरचं हे घर.
वाळूचा दगड, दोन हात जाड,
पोटात खडीमाती, चुना, कुठे घोड्याचे केस.
पश्चिमेच्या भिंतीत आढ्याखाली एक तिरकी रेघ दिसते,
तिथवर होतं हेदरच्या काड्यांचं शाकार, उभ्या उताराचं.
मग शिशाच्या खाणीतून कुणाला चार पैसे सुटले,
भिंती वर गेल्या, दगडी कौलं चढली,
इतकी जड
की वासे अजून कमरेत वाकलेले.
चुलीवरच्या दगडात आय. पी., १६९४,
पण उलटं.
गवंड्याला वाचता येत नसावं,
किंवा येत असावं आणि घाई असावी.

घर पाहावं बांधून म्हणतात.
इथे प्रत्येकानं पाहिलं ते बदलून.

नोरा पीकॉक चाकाच्या खुर्चीतून
माझ्या टॉर्चमागे मान फिरवते.
"ते सिमेंट क्लिफर्डचं. त्र्याहत्तर साली,
सगळ्या सुट्टीभर शिडीवर होता."
तेव्हापासून भिंतीला घाम फुटतो.
चुना श्वास घेऊ देतो, सिमेंट देत नाही,
हे मी रिपोर्टात लिहीन.
तिच्यासमोर नुसतं हं म्हणते.

दार अठ्ठावीस इंच, खुर्ची तीस.
कौन्सिलचं पत्र फ्रिजवर चिकटवलेलं:
मूळ दाराला धक्का लावू नये.
म्हणून भाचा येतो शुक्रवारी,
तिला उचलून बाहेर ठेवतो, मग खुर्ची घडी करून आणतो.
मधली दोन मिनिटं
ती दगडी बाकावर बसून असते, पर्स मांडीवर धरून.

कपाट सरकवलं तेव्हा दिसले
दक्षिणेच्या भिंतीत दोन सरळ सांधे,
जमिनीपासून खांद्यापर्यंत,
आणि मधले दगड लहान, परक्या हातानं रचलेले.
टेप खिशात होती, तरी मी वितीनं मोजलं.
पावणेपाच.
गाभण गाय पोट न घासता आत यावी इतकं.
अलीकडे माणसं निजायची, पलीकडे गुरं,
दार दोघांचं एकच.
गुरांना गोठा मिळाला
तेव्हा माणसांनी स्वतःपुरतं अरुंद दार काढलं.
त्यालाच आपण मूळ म्हणत आलो.

नोरा हसते, खोकते, पुन्हा हसते.
"म्हणजे मी गाईच्या वाटेनं?"
मग बराच वेळ भिंतीकडे बघत,
"खोल. पण खिडकीखालचं ते राहू दे."

खिडकीखाली सिमेंटमध्ये
अंगठ्याचा ठसा आहे, ओल्यावर टेकलेला.
भोवती वीतभर ओल.

फॉर्मवर त्यासाठी रकाना नाही.
मी समासात लिहिते:
इथे भिंतीला घाम येतो.
येऊ द्यावा.