किमान दहा किलो

शाल्मलीच्या लग्नातली फुलं माझ्या वाट्याला आली.
हॉल तिच्या मामाकडे, जेवण तिने स्वतःच ठरवलेलं,
आणि मी बिनलग्नाचा काका,
रबाळ्याच्या कंपनीत तीस वर्षं स्टोअर सांभाळलेला.
"भावजी, मापाचं तुम्हीच बघा," वहिनी म्हणाल्या.

ऐरोली, सेक्टर आठ. रात्रीची जेवणं झाल्यावर
चष्मा पुसून मोबाइल उघडला.
घाऊक फुलं. घरपोच. पहाटे चार ते सहा.
दादरला जाऊन घासाघीस करायला
आता गुडघे तयार नाहीत,
आणि इथे घासाघीस करायला समोर कुणी नाही.
झेंडू भगवा, झेंडू पिवळा, निशिगंध सुटा,
गुलाब वीसची जुडी,
मोगरा कळी, किमान दहा किलो.
मला तीन हवा होता.

बोट टेकवणार तेवढ्यात
वरून एक हसऱ्या रंगाची चौकट उतरली :
"मागच्या वेळचंच पुन्हा मागवायचं?
पांढरी शेवंती, आठ किलो.
तुळस, दोन जुड्या.
पत्ता तोच."

पत्ता तोच.
अकरा महिन्यांपूर्वी माझ्याच फोनवरून
कुणीतरी मागवलं असणार, मला आठवतही नव्हतं.
दादा गेला तेव्हा म्हणणारे म्हणून गेले,
लग्न वर्षाच्या आत करा, नाहीतर तीन वर्षं थांबा.
म्हणून तर ही घाई, हा भर वैशाख.
चौकटीच्या कोपऱ्यात फुली होती,
पण इतकी बारीक, की माझं बोट तीनदा चुकलं
आणि तिन्ही वेळा तिने विचारलं, "नक्की?"

दहा किलो मोगरा म्हणजे किती
हे स्टोअरच्या माणसालाही खोके उघडेपर्यंत कळत नाही.
चार वाजून वीस मिनिटांनी टेम्पो गेटवर,
रामाश्रयची झोपेतली सही.
मुहूर्त गोरजाचा. तोवर कळी उमलू द्यायची नव्हती.
मग उजाडताच बेल वाजवत जिने.
कुंजम्मांकडे इडलीच्या पिठाशेजारी दीड किलो.
म्हात्र्यांकडे बोंबलांच्या वरच्या कप्प्यात एक
("कुणाचा वास कुणाला लागेल, सांगता येत नाही हां").
तिसऱ्या मजल्यावरच्या आयटीतल्या पोरांचा फ्रिज रिकामाच,
तिथे चार.
पाचशे दोनच्या सिन्हांशी पार्किंगवरून बोलणं बंद आहे.
त्यांनी दार उघडलं, पिशवी घेतली, दार लावलं.
वहीत लिहिलं : ५०२, एक किलो, पावती नाही.
उरलेला अडीच आमच्याकडे,
दुधाचं पातेलं बाहेर काढून.

दुपारी लॉबीत सतरंजी पडली.
कोण कुणाकडची, कुणी विचारलं नाही.
इतके गजरे झाले, की क्लॅरिनेटवाल्याने क्लॅरिनेटला बांधला,
वऱ्हाडाच्या बसला दोन्ही आरशांवर,
आणि गुरुजींनी एक पिशवीत टाकला,
घरी कुणासाठी ते सांगितलं नाही.

शाल्मली डोंबिवलीला गेली.
फार लांब नाही, असं सगळे म्हणत होते.

तिसऱ्या दिवशी दारात सिन्हा. हातात तीच पिशवी.
मागायला मी गेलो नव्हतो, द्यायला ते आले नव्हते.
आतला मोगरा चहाच्या रंगाचा झालेला.
"खराब झाला," ते म्हणाले.
"होणारच," मी म्हणालो.
मार्चपासूनचं आमचं हे पहिलं बोलणं.

त्याच संध्याकाळी फोनवर :
"फुलं कशी होती? तारे द्या."
आणि त्याखाली,
"मागच्या ऑर्डरचे तारे अजून बाकी आहेत."

त्या दिवशी फुलांकडे कुणी पाहिलं होतं?

वहिनी चहा गाळत होत्या. विचारू नये ते मी विचारलं.
गाळणी तशीच हवेत धरून म्हणाल्या,
"ताजी होती.
एक चपलांच्या स्टँडखाली गेलं होतं.
चौथ्या दिवशी झाडताना सापडलं,
तरी पांढरंच."

मग माझ्या कपात साखर घातली,
दादाला लागायची तेवढी.
मी काही बोललो नाही.
सगळा चहा प्यायलो.