अस्तर

हाकोदातेतलं माझं शिलाईचं दुकान.
चाळीस वर्षं तेच काळं कापड,
ताठ कॉलर, पाच पितळी बटणं.
भिंतीवर शाळेचं पत्रक:
मोज्यांचा रंगसुद्धा ठरलेला.

मार्चमध्ये सोराता आला.
मापं दिली, घुटमळला,
मग आईला ऐकू जाणार नाही असं,
"आतून माकूळ भरून द्याल? नारिंगी."

पत्रकात अस्तराबद्दल काहीच नव्हतं.
मी दोनदा वाचलं.
मग चष्मा पुसून दोन रात्री
भुजा भरत बसलो.

आता बंदराचा वारा सुटला की
चढावर तो बटणं सोडून चालतो म्हणे,
फाटकाशी पाचही लावतो.

परवा तपासणीचे गुरुजी आले.
माझा हात कात्रीवरच थांबला.
इकडचं तिकडचं बोलले,
निघताना दारातून म्हणाले,
"नऊच भरल्यात. माकुळाला दहा असतात."