एक दिवस कमी

डिचोलीची औद्योगिक वसाहत, शेड क्रमांक अकरा.
मधुसूदन फळदेसाई आधी काजूचा डबा पुढे करतात,
मग बिलांची फाइल.
फोडणी-यंत्र चाळीस लाखांचं, कोइमतूरहून आलेलं.
चोर्ला घाटात ट्रक दीड दिवस अडला होता.

"चाळीसवर घसारा धरा."
मी दहा वजा करते, सरकारने दिलेले.
"अहो, ते अनुदान! उद्योग काढला म्हणून दिलं ना?"
"म्हणूनच.
जे तुमच्या खिशातून गेलंच नाही
ते तुमच्याकडे झिजणार कसं?"
उरले तीस.

त्यातले बारा भावाने पाठवलेले, बहारीनहून.
ते वजा होतात का, त्यांनी विचारलं नाही.
मीच सांगितलं, नाही.
भावाने दिलेले कायद्याला तुमचेच वाटतात.
ते खिडकीबाहेर खाणीच्या तांबड्या ढिगाकडे
बघत राहिले थोडा वेळ.
"हे त्याला कुणी सांगायला हवं होतं,"
एवढंच म्हणाले.

तीसवर पंधरा टक्के, साडेचार.
पण यंत्र फिरलं चार ऑक्टोबरला.
मार्चअखेरपर्यंत बोटांवर मोजले,
एकशे एकोणऐंशी दिवस.
हवे होते एकशे ऐंशी.
म्हणून घसारा निम्मा. सव्वादोन.
"तीन तारीख लिहा हो,
एका दिवसाने दिल्लीचं काय बुडतं?"

पत्र्यावर हळदकुंकवाची बोटं वाळलेली
आणि शेजारी, शेवंती गावसने खडूने काढलेला
भलाथोरला चार.
मी चारच लिहिला.

शेवंतीची नखं चिकाने काळी.
यंत्र येईतो ती हाताने बिया फोडायची.
"कसला हिशेब चाललाय बाई?"
"झिजेचा."
"मग माझी बावीस वर्षं मांडा.
आणि निम्मी नकोत हां,
मी पहिल्या दिवसापासून वेळेवर येतेय."
स्वतःच्याच बोलण्यावर ती इतकी हसली
की पंख्याखालची टरफलं उडाली.

रात्री घरी पुढच्या वर्षांचे आकडे उतरवते.
सत्तावीस पंचाहत्तर. तेवीस एकोणसाठ. वीस पाच.
दरसाल उरलेल्यातले शंभरी पंधरा,
म्हणजे शून्य या वाटेवर लागतच नाही.
यंत्र भंगारात जाईल,
गटात मागे राहील चिमूटभर किंमत,
कुठल्या यंत्राची, ते विचारायचं नाही.

डब्यात सगळे तुकडेच.
अख्खे निर्यातीला जातात.
एक तोंडात टाकते.
आतून जरासा करपलाय.